लिनक्सला नावं ठेवली की आपण एवढे का चिडतो?

सरळमार्गी (धागाकर्ता)
मामांचं डीटीपीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यांच्या जुन्या पीसीत टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय नाही, त्यामुळे विंडोज ११ चा विषयच संपला. मी मोठ्या तोऱ्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. तिसऱ्या दिवशी फोन : ‘मशीन पळतंय रे झकास, पण पाटलांची पत्रिका कुठं उघडू?’

वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, तेही युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टांत. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये चिकटवला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा भुगा.

एका ग्रुपवर विचारलं. उत्तरं : ‘पेजमेकर? अजून?’, ‘स्क्रायबस शिकवा त्यांना’ (म्हणजे लिनक्सवरचा तसाच प्रोग्राम), आणि ‘झेपत नसेल तर खिडक्या उघड्याच आहेत’. बारा वर्षं लिनक्स वापरून मला हे ऐकावं लागतं, तर मामांचं काय होईल?

कर्नलकाका
मामांबद्दल वाईट वाटलं, पण खटला चुकीच्या माणसावर भरलायस. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि लिनक्ससाठी ते कधी निघालंच नाही. फॉन्टवाल्यांनी प्रत्येकाने आपापली वेगळी चूल मांडली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांनी त्यात काय घोडं मारलं? धडधाकट पीसी भंगारात काढायला कुणी लावलं, ते विचार की. आणि जगातले पहिले ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, हे कुणी लिहीत नाही.

दोन_डगरी
काका, महासंगणकावर लग्नपत्रिका छापत नाहीत. डेस्कटॉपचं दुखणं सांगितलं की आपण सर्व्हर दाखवतो, ही खोडच आहे.

म्युनिकचं बघा. तिथल्या नगर प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा ठराव केला. आपल्यात ही गोष्ट एकाच सुरात सांगतात : मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आपलं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आणलं, आता काय ते समजून घ्या. असेलही तसं. पण बाहेरून आलेल्या फाइलींची मांडणी बिघडते, या तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी मात्र कुणी सांगत नाही. त्या माणसांना कुणी पैसे चारले नव्हते!

कर्नलकाका
आणि केरळच्या शाळा? तिथं वर्षानुवर्षं लिनक्स चालू आहे. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, मल्याळमची सोय केली, टिकलं. फुकट राबणाऱ्यांनी तुमची बोलणी किती खायची?

बॅशवाली_वहिनी
काका, शिकवलं म्हणून टिकलं, हे तुम्हीच म्हणालात. मामांना कुणी शिकवलं?

बोलण्यांचं म्हणाल, तर खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, २०१४ च्या डेबकॉन्फ परिषदेत सांगितलं की लिनक्स डेस्कटॉपसाठी अ‍ॅप बांधून देणं ही डोकेदुखी आहे. त्याच्या स्वतःच्या सबसर्फेस या डायव्हिंगच्या अ‍ॅपवरून बोलत होता तो. त्याला सांगा बघू, ‘झेपत नसेल तर जा’ म्हणून! १९९२ मध्ये संगणकशास्त्राच्या प्राध्यापक टॅननबॉमने लिनक्सला कालबाह्य म्हटलं, तेव्हा लिनसही तावातावाने भांडला, पण सुराबद्दल लगेच माफीही मागितली. आपल्या ग्रुपांनी भांडण तेवढं उचललं.

कर्नलकाका
बरं, सुराचं मान्य. फॉन्टचं नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी) लावून पाहिलीस का रे?

सरळमार्गी (धागाकर्ता)
लावली. (नाव ऐकून मामी आधी मामांकडे बघायला लागल्या.) पेजमेकर उघडलं, पण वेलांट्या सरकल्या. आता व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात, जुनं विंडोज टाकलंय, नेट तोडून. पत्रिका उघडली. प्रिंटर अजून ओळखत नाही. कुणी यूएसबी प्रिंटर असा आत जोडला असेल तर सांगा. ‘प्रिंटर बदला’ सोडून काहीही चालेल.