ट्रेनिंग झालं पण पोरं वापरतच नाहीत, काय करावं?

डाळमिलवाला_जळगाव
राम राम मंडळी. आमच्या डाळमिलमधे गोडाऊन आन् डिस्पॅचच्या 6 जणांना 2 दिवस टॅलीचं (हिशोब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरचं) ट्रेनिंग दिलं, नाश्तापाणी, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो सगळं झालं, त्याला आता दीड महिना झाला तरी आवक-जावक लाल रजिस्टरातच चालू आहे. विचारलं की एकच उत्तर, "सकाय करसूत भाऊ". ती सकाय काही उजाडत नाही. रागावून पाहिलं तर दोन दिवस केलं, परत तेच.

भरीतभाकरी
रजिस्टर अजून टेबलावरच आहे ना? संध्याकाळी शेटजी काय बघतात, रजिस्टर की टॅली?

डाळमिलवाला_जळगाव
रजिस्टर 😐

धुळेकर_एचआर
मग झालं. आन् ट्रेनिंग तुरीच्या सीझनमधे दिलं असेल तर गाड्या रांगेत उभ्या असताना नवीन गोष्ट कोण हातात घेईल. त्यात विसरणं आलंच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त उडतात. टॅली काही निरर्थक अक्षरं नाहीत (कधीकधी वाटतं तसं), पण दीड महिना हातच नाही लावला तर काय राहणार, आन् आता विचारायची लाज म्हणून "सकाय". लगेच आळशी म्हणू नका. आमच्याकडे 'जमेल तसं करा' म्हणणं बंद केलं, वेळ बांधून दिली: गाडी काट्यावरून उतरली की आधी एंट्री, मग हमालांना हाक. गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1999 मधे हेच मांडलंय, "अमुक झालं की तमुक करायचं" असं आधी ठरलेलं असलं की काम टळायचं प्रमाण कमी होतं.

यावलचा_गडी
मी स्वतः गोडाऊनला होतो, खरं सांगू का, चुकायची भीती असते हो. एकदा पोत्यांचा आकडा क्विंटलमधे टाकला तर अकाउंटंटने सगळ्यांसमोर झापलं, तेव्हापासून कॉम्प्युटरकडे गेलोच नाही. टॅलीच्या डे बुकात (रोजच्या एंट्रींच्या यादीत) जाऊन त्या एंट्रीवर एंटर मारलं की ती परत उघडते आन् दुरुस्त करता येते, एवढं जरी ट्रेनिंगमधे कोणी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

डाळमिलवाला_जळगाव
हे डोक्यातच नव्हतं राव. सोमवारपासून फक्त आवक टॅलीत घेतो, जावक नंतर. पण शेटजींना स्क्रीनवर दिसत नाही म्हणतात.

भरीतभाकरी
मग टॅलीतल्या स्टॉक समरीची (शिल्लक मालाच्या यादीची) प्रिंट काढा आन् रजिस्टरच्या जागी ठेवा, मोठ्या अक्षरात.