मदत हवी आहे: ‘लुक ॲट मी’ पहिलं होतं की दुसरं? १९९९ च्या वहीवरून पडलेला प्रश्न

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ लवकरच पुनर्विकासाला जाते आहे. पोटमाळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत माझी शाळेतली दोनशे पानी वही सापडली. त्या काळात टीव्हीवर लागणाऱ्या इंग्रजी गाण्यांच्या काउंटडाउनची यादी मी दर आठवड्याला तीत उतरवून घ्यायचे. डावीकडे क्रमांक, मध्ये गाणं, उजवीकडे मागच्या आठवड्याचा क्रमांक. एक नंबरचं गाणं लाल रिफिलने, बाकीची निळ्याने. आणि एका नावाखाली दर वेळी पट्टी धरून मारलेली रेघ: जेरी हॅलिवेल.

चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची या जागेतली शेवटची स्मरणिका यंदा निघेल. तिच्यात या वहीवर लिहायचं मी कबूल केलंय. लिहायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडकले, म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगते. ३१ मे १९९८ ला, रविवारी, जेरीने स्पाइस गर्ल्स हा ब्रिटनमधला पाच गायिकांचा ग्रुप सोडल्याचं जाहीर झालं. त्याआधी ऑस्लोला बाकीच्या चौघी तिच्याशिवायच उभ्या राहिल्या होत्या, पण इथे गिरगावात आम्हाला कुठलं कळायला! मला सोमवारच्या पेपरात कळलं. सुट्टी चालू होती, आई गॅलरीत पापड वाळत घालत होती, आणि मी पेपर मांडीवर घेऊन रडत बसले होते. दादा म्हणाला, “ग्रुप होता म्हणून ती होती. आता सहा महिन्यांत कुणी विचारणार नाही.” ते वाक्य मला इतकं लागलं की वहीतल्या रेघा तेव्हापासूनच सुरू झाल्या. ती वही म्हणजे माझं दादाला उत्तर होतं.

आता अडचण अशी. मे १९९९ मध्ये तिचं एकटीचं पहिलं गाणं आलं, ‘लुक ॲट मी’. माझ्या वहीत ते लाल रिफिलने लिहिलंय, म्हणजे एक नंबर. पण ब्रिटनच्या यादीत ते दुसरं होतं. पहिल्या जागेवर बॉयझोन या मुलांच्या ग्रुपचं ‘यू नीडेड मी’ होतं आणि दोघांमध्ये फरक होता हजाराहूनही कमी प्रतींचा. म्हणजे आपल्याकडच्या क्रॉस मैदानाचा एक कोपराही भरणार नाही इतक्या माणसांनी ठरवलं की जेरी पहिली की दुसरी. हे वाचून मला आजही चुटपुट लागते.

पुढे मात्र सलग तीन वेळा ब्रिटनमध्ये ती पहिली आली: ऑगस्ट १९९९ मध्ये ‘मी चिको लॅटिनो’, नोव्हेंबरमध्ये ‘लिफ्ट मी अप’, मार्च २००० मध्ये ‘बॅग इट अप’. ‘लिफ्ट मी अप’च्या वेळी तर समोर जुनी मैत्रीणच होती. स्पाइस गर्ल्समधल्याच एमा बंटनचं गाणं त्याच आठवड्यात आलं आणि दुसरं राहिलं. मग मे २००१ मध्ये ‘इट्स रेनिंग मेन’, तेही पहिलं. ते जुन्या गाण्याचं नवं रूप होतं आणि ‘ब्रिजेट जोन्स’च्या सिनेमात होतं.

आणि त्यानंतर उतार. त्याच वर्षीची पुढची दोन गाणी आठव्या आणि सातव्या क्रमांकावर थांबली. २००४ च्या शेवटी ‘राइड इट’ चौथं. २००५ मध्ये ‘डिझायर’ थेट बावीसावं, आणि ‘पॅशन’ हा अल्बम एक्केचाळीसावा.

दादाला फोनवर हे वाचून दाखवलं. तो म्हणतो, “मी सहा महिने म्हटलं होतं, सहा वर्षं लागली. म्हणजे बरोबरच होतो.” मला ते मान्य नाही, पण का मान्य नाही हे नीट मांडता येत नाहीये. चार वेळा पहिली आलेली बाई अपयशी कशी? आणि यशस्वी होती, तर चार वर्षांत तिचा अल्बम पहिल्या चाळीसांच्या बाहेर कसा गेला? खरं तर ग्रुपची पहिली सहा गाणी ब्रिटनमध्ये एक नंबर होती आणि पहिल्यांदा घसरलं ते ‘स्टॉप’, मार्च १९९८ मध्ये, जेरी ग्रुपमध्ये असतानाच. म्हणजे ती गेली म्हणून ग्रुप पडला असंही नाही. तिच्यानंतर डिसेंबर १९९८ मध्ये चौघींचं ‘गुडबाय’ नाताळात एक नंबरला होतंच.

मला हवी असलेली मदत:

वहीतला आणि ब्रिटनचा क्रमांक जुळत नाही, तो माझा उतरवताना झालेला घोटाळा समजायचा का? आणि नुसत्या क्रमांकावरून एखाद्या गायिकेचं बरंवाईट ठरवता येत नसेल, तर काय बघायचं? शिवाय वहीतली एप्रिल ते जून २००१ ची पानं वाळवीने खाल्ली आहेत. तेव्हाचं काउंटडाउन कुणी लिहून ठेवलं होतं का?

– पोटमाळा


प्रतिसाद: रविवारचा रेडिओ

ताई, वहीत घोटाळा नाही. त्या दोन वेगळ्या याद्या आहेत. ब्रिटनची यादी तेव्हा निव्वळ विक्रीवर होती. सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठी काढलेली सीडी किंवा कॅसेट, सोमवारी दुकानात यायचं, शनिवारपर्यंतची विक्री मोजायची आणि रविवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर करायचं. आपल्याकडे कॅसेट घ्यायची म्हणजे अख्खा अल्बम घ्यायचा, एका गाण्याची विक्री कोण मोजणार? त्यामुळे तुम्ही उतरवलेला क्रमांक हा त्या चॅनेलचा. लेखात फक्त ‘एक नंबर’ लिहू नका, कुठल्या यादीतला ते लिहा. एवढं केलंत की दोन्ही खरे.

दुसरं म्हणजे, तेव्हाचा एक नंबर हा बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याचा असायचा. गाणं आधी काही आठवडे रेडिओवर वाजवायचे, लोकांना तहान लावायची, आणि दुकानात आल्या आल्या पहिल्या आठवड्यात सिंगल बऱ्याचदा स्वस्तात विकायचे. ज्यांचा जुना चाहतावर्ग आहे त्यांचं गाणं थेट वर उगवायचं आणि पुढच्याच आठवड्यात खाली यायचं. जेरीची पहिली तीन एक नंबरची गाणी शिखरावर एकेकच आठवडा होती. ‘इट्स रेनिंग मेन’ दोन आठवडे टिकलं.


प्रतिसाद: कॅसेटची पेन्सिल

वर म्हटलंय त्याला जोड. क्रमांक बघू नका, मुक्काम बघा. स्पाइस गर्ल्समधलीच मेलनी सी घ्या. ग्रुपमध्ये असतानाच ब्रायन ॲडम्सबरोबर ‘व्हेन यू आर गॉन’ गायली. ते तिसऱ्याच्या वर कधी गेलं नाही, पण यादीतून हलायला तयार नव्हतं. आपल्याकडे कॉलेजच्या प्रत्येक फंक्शनला ते वाजायचं. तिचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९९९ मध्ये दहाव्या जागी आला आणि पुढच्या वर्षी चढत चढत चौथ्यावर गेला. जेरीचा पहिला अल्बमही चौथाच होता, पण तो जून १९९९ मध्ये आल्या आल्या. दोन्हींच्या पुढे आकडा तोच. एक जिना चढून गेलेला, दुसरा लिफ्टने.

आणि तुमच्या दादांना टेक दॅट या ब्रिटनमधल्या मुलांच्या ग्रुपची गोष्ट सांगा. १९९५ मध्ये रॉबी विल्यम्स बाहेर पडला. सगळे म्हणायचे की खरा गाणी लिहिणारा गॅरी बार्लो, तोच पुढे जाणार. गॅरीची एकट्याची पहिली दोन्ही गाणी एक नंबर, अल्बमही एक नंबर. रॉबीची मात्र १९९७ मध्ये दुसऱ्यावरून आठव्यावर, आठव्यावरून चौदाव्यावर घसरण, आणि अल्बम अकराव्यावर येऊन खाली निघालेला. मग डिसेंबरमध्ये ‘एंजल्स’ आलं. ते चौथ्याच्या वर गेलंच नाही, पण त्या एका गाण्याच्या जोरावर अल्बम अठ्ठाविसाव्या आठवड्यात पहिला आला. १९९९ मध्ये गॅरीचा दुसरा अल्बम पस्तीसावा होता. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर कुणी पैज लावली असती तर हरला असता.


प्रतिसाद: पोटमाळा

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री वही पुन्हा उघडली आणि या वेळी लाल शाई न बघता आठवडे मोजले. ‘व्हेन यू आर गॉन’ माझ्या वहीत सलग तेरा आठवडे आहे आणि मी त्याच्याखाली एकदाही रेघ मारलेली नाही! ‘लुक ॲट मी’ सहा आठवडे. एवढा जीव लावून लिहिणाऱ्या मुलीला समोरचं दिसत नव्हतं.

तरी एक गोष्ट मला लेखात लिहायचीच आहे. मार्च २००० मध्ये ब्रिटनच्या ब्रिट संगीत पुरस्कारांत स्पाइस गर्ल्सचा एकूण कामगिरीसाठी सन्मान झाला. त्याच संध्याकाळी, त्याच मंचावर, जेरी आपलं नवं गाणं एकटीने गायली. चौघी एकीकडे, ती दुसरीकडे. पंचवीस-सव्वीस वर्षांनंतर आज कळतं की तसं उभं राहायला छातीत काय लागत असेल. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

जेरीची कॅसेट मी काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतली होती. बाबा सोबत आले होते, आधी केबिनमध्ये उभं राहून दोन गाणी ऐकली आणि बाबा म्हणाले, “आवाज पातळ आहे, पण पोरगी हिमतीची आहे.” ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. कॅसेट ट्रंकेतच आहे, फीत मात्र चिकटली आहे.

२००१ च्या पानांचं कुणाला काही सांगता येईल का? ‘इट्स रेनिंग मेन’ आपल्याकडे किती आठवडे होतं, एवढंच अडलंय.


प्रतिसाद: परळ टँक रोड

माझ्याकडे डायरी आहे. क्रमांक नीट लिहिलेत, गाण्यांची नावं ऐकून देवनागरीत लिहिली आहेत, तेवढी समजून घ्या. मे २००१ ते ऑगस्टपर्यंत सगळे आठवडे आहेत, एक सोडून. त्या शनिवारी लाइट गेले होते. पानांचे फोटो आज रात्री टाकतो. फोटोत नीट वाचता आलं नाही तर सांगा, गिरगाव काही लांब नाही, डायरीच आणून देईन.