मुलीच्या चेहऱ्यावरील मुरुमे: घरगुती लेप की डॉक्टरांचे औषध?

कृष्णाकाठ:
माझी मुलगी अकरावीत आहे. वर्षभरापासून तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरुमे येत आहेत व त्यांतील काही बरी होताना काळे डाग राहतात. सासूबाई सहाणेवर जायफळ उगाळून लावतात, तर ती स्वतः मैत्रिणींच्या सांगण्यावरून लिंबाचा रस लावते. मध्यंतरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले होते. आठवडाभरात चेहरा स्वच्छ आणि उजळ दिसू लागला, परंतु मलम थांबवताच तो लाल झाला आणि बारीक पुटकुळ्या पूर्वीपेक्षा वाढल्या. ते पुन्हा सुरू करावे का? आणि डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरगुती उपायांना आणखी किती दिवस द्यावेत?

निशिगंध:
ते मलम कृपया पुन्हा लावू नका. लवकर उजळणे आणि थांबवताच भडकणे हा क्रम स्टेरॉइड असलेल्या मलमांत नेहमी दिसतो. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. स्टेरॉइडमुळे सूज दबते, म्हणून चेहरा बरा वाटतो. पण तेलग्रंथींचा वाढलेला स्राव आणि मृत पेशींनी बुजलेली रंध्रे, म्हणजे मुरुमाचे मूळ, तसेच राहते. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच नवी मुरुमे येतात. बाह्य वापराच्या अशा अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीविना विक्रीची जी सवलत होती, ती केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढून घेतली. तरीही ती सहज मिळतात, याची मला फार काळजी वाटते. ती नळी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

कडुनिंबाची सावली:
घरगुती उपायांविषयी मला आस्था आहे, म्हणूनच त्यांच्यात भेद करावासा वाटतो. लिंबू आजच बंद करा. त्याचा रस तीव्र आम्लधर्मी असून तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग अधिक गडद होऊ शकतात. जायफळाचा लेप काहींना मानवतो, परंतु सुजलेल्या मुरुमावर त्याने आग होऊ शकते आणि वाळलेला लेप चोळून काढल्यास त्वचा दुखावते. मुलतानी मातीने वरवरचे तेल शोषले जाते, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी. टी-ट्री तेलाचा ५ टक्क्यांचा जेल मात्र चाचण्यांत सौम्य मुरुमांवर उपयोगी ठरलेला आहे, जरी त्याचा परिणाम सावकाश दिसतो. शुद्ध तेल थेट लावू नये. आयुर्वेदात तारुण्यपीटिकेसाठी लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे, पण सध्या चेहरा लाल असल्यामुळे वैद्यांना दाखवल्याशिवाय कोणताही लेप लावू नये.

रुग्णसेवक:
डाग राहू लागले आहेत, त्यामुळे आता आणखी वाट पाहू नये. डॉक्टर सहसा रात्री लावण्यासाठी ॲडापॅलीन (रंध्रे मोकळी ठेवणारे औषध) आणि त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांतील जंतू मारणारे औषध) देतात. दुसऱ्याचे २.५ टक्क्यांचे प्रमाणही पुष्कळदा पुरेसे असते आणि १० टक्क्यांच्या तुलनेत त्याने जळजळ कमी होते. मात्र त्यामुळे उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा अभ्रा वापरावा. स्टेरॉइडने चेहरा नाजूक झाला असल्यास ही औषधे केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरच ठरवतील. ॲडापॅलीन वाटाण्याएवढे घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरवायचे असते, केवळ मुरुमावर ठिपका ठेवायचा नसतो. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, प्रसंगी मुरुमे वाढल्यासारखीही वाटतात, आणि खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. बरेच जण नेमके त्याआधीच औषध सोडतात. दिवसा सनस्क्रीन आवश्यक आहे, अन्यथा काळे डाग रेंगाळतात. मासिक पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यामागे पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडल्याने होणारा बीजांडकोशाचा विकार, असू शकतो.

कृष्णाकाठ:
नळीवर मोमेटासोन लिहिलेले आढळले. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. ती रोज केसांना भरपूर तेल लावते. कपाळावरील मुरुमांशी त्याचा संबंध असेल का?

रुग्णसेवक:
असू शकतो. तेल कपाळावर उतरून रंध्रे बुजतात. न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे आणि रात्री तेल लावून झोपू नये.