ऑपरेशन लांबलं की इन्फेक्शन होतंच का?

देवगडकर:
आमचे बाबा अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरनं घसरले नि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, डॉक्टर दीड-दोन तास म्हणालेले पण चार तास उलटले तरी बाहेर आणलं नाही, नंतर कळलं की हाडाचे तुकडे झालेले, जुळवून रॉड घालायला वेळ गेला. आता घरी आणलंय. शुगर आहे, वय सत्तरीच्या पुढे, त्यात हा पाऊस, कपडेसुद्धा धड वाळत नाहीत. शेजारचे काका म्हणतात एवढा वेळ उघडं राहिलं म्हणजे पू होणारच. खरंय का?

ओटी सिस्टर, रत्नागिरी:
"होणारच" हे चूक. धोका वाढतो हे मात्र खरं. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आलेला, त्यात दर तासामागे शक्यता साधारण 37 टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण ती मूळ धोक्याच्या 37 टक्के, म्हणजे शंभरात दोघांना होत असेल तर तासभर वाढल्यावर तिघांच्या आतच. कारणं बरीच असतात, ओढून धरलेलं मांस सुकतं, ग्लोव्हजना बारीक भोकं पडतात, पेशंटचं अंग गार पडतं, आणि सुरुवातीच्या अँटिबायोटिकचा जोर ओसरतो. म्हणून ऑपरेशन चार तासांवर गेलं की सेफाझोलिनचा डोस परत देतात. आणि मुळात केस अवघड असते म्हणून लांबते, डॉक्टरांनी घाई करून हाड वाकडं बसवलं असतं तर ते चाललं असतं का? आता तुमच्या हातात शुगर आहे, ती रोज बघा.

चिपळूणची स्मिता:
आईचं ऑपरेशनपण असंच लांबलेलं. टाके छान सुकले पण पडून राहून छातीत कफ भरला, त्याने जास्त दिवस गेले. ते श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं यंत्र दिलंय ना, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा, आम्हाला फिजिओने दाखवेपर्यंत आई फुंकतच होती. आणि डॉक्टरांनी वजन टाकायला परवानगी दिली असेल तर वॉकर धरून उठवाच. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली तर थांबू नका, रक्ताची गाठ असू शकते. अचानक दम लागला तर सरळ हॉस्पिटल गाठा.

देवगडकर:
खूप धीर आला. ताई, जखमेत नेमकं काय बघायचं? आणि आजी मासे देऊ देत नाही, म्हणते जखम पिकते.

ओटी सिस्टर, रत्नागिरी:
लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पाणी किंवा पू आला, कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं किंवा ताप आला तर ड्रेसिंग स्वतः उघडत बसू नका, फोटो काढून सर्जनना पाठवा नि दाखवायला न्या. आत रॉड आहे त्यामुळे तीन महिने लक्ष ठेवायचं. ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी बदलून घ्या. माशांनी जखम पिकत नाही, उलट भरून यायला प्रोटीन लागतं, नुसत्या पेजेवर ठेवू नका. किडनीचा त्रास नसेल तर बांगडा, तारली, अंडी, मुगाची उसळ सगळं चालेल. आजींना सांगा सिस्टरने सांगितलंय म्हणून.