सतरा आकडी संख्या मराठीत वाचायची कशी? (खर्व, अर्बुद, डेम्लो, हर्षद)

काल भाचीने वहीत १११११११११ ला (नऊ एक आहेत) त्याच संख्येने गुणलं, उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१, आणि म्हणाली मामा आता हे वाचून दाखव ना. कोटीपर्यंत गेलो आणि गाडी अडली. रात्री लीलावतीतली (भास्कराचार्यांचा जुना गणितग्रंथ) स्थानं, म्हणजे एकक-दशकासारखी घरांची नावं, काढून बसलो तर असं जमलं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतार, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. कुठे शून्य नाही त्यामुळे एकाही नावाला सुट्टी नाही, मस्त वाटलं म्हणताना! पण प्रश्न असा की खर्व म्हणजे दहा अब्ज, मग हिंदीवाले खरब म्हणजे शंभर अरब कसं म्हणतात?

– दोन्ही आपापल्या घरी बरोबर. हिंदीत अरब-खरब शंभरपटीने चढतात, आपली ही जुनी नावं दहापटीने. गंमत म्हणजे अरब हा अर्बुदाचाच अपभ्रंश, पण अर्बुद दहा कोटी आणि अरब शंभर कोटी, म्हणजे आपला अब्ज. (डॉक्टरी मराठीत अर्बुद म्हणजे गाठ, तेव्हा जपून वापरा.) व्यवहारात निखर्व वगैरे कोणी म्हणत नाही, बजेटच्या बातमीत सरळ 'लाख कोटी' असतं. त्या हिशोबाने तुमची संख्या एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटी दोनदा आला, कानाला बोचतो, पण चालतं.

– अहो या संख्येला नावच आहे की, डेम्लो! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेलं. संस्कृत शब्द नाही, जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनाचं नाव, म्हणजे आताची डोंबिवली, कारण कल्पना तिथे सुचली. दुसरा शब्दही त्यांचाच, हर्षद: हर्ष देणारी, जलद-सुखद मधला तोच 'द'. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की संख्या हर्षद. इथे बेरीज ८१, आणि भाग जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. हे परत १२३४५६७९ चा वर्ग, मधला ८ कुठे पळाला ते भाचीला शोधू दे.

– धन्यवाद दोघांना. भाचीने आता दहा एक घेऊन केलंय: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात बेरीज दहा झाली, हातचा आला आणि आरसा फुटला. वर आकडे झाले एकोणीस, आणि लीलावतीतला परार्ध अठराव्या घरातच संपतो. पुढच्या घराला काय म्हणायचं, दश परार्ध? ती वही घेऊन समोरच बसलीये.