शब्दचर्चा (कोल्हापूर जिल्ह्यातल्या मंडळींचा गट, बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचं ठिकाण) : वृद्धी, वाढ, विकास आणि 'गरिबी कमी करणे', आपल्या बोलण्यात नेमकं काय म्हणायचं?

कळंबा :
नमस्कार मंडळी. बचत गटाच्या बायकांचं प्रशिक्षण ठेवलंय, त्यात मला तासभर बोलायचंय आणि दोन पानांचं टिपण लिहून वाटायचंय. वरनं आलेल्या पत्रात विषय छापलाय 'आर्थिक वृद्धी व दारिद्र्य निर्मूलन धोरण'. आता ह्यातला एक तरी शब्द आमच्या गटातल्या बायका घरी बोलत्यात का सांगा. वृद्धी म्हटलं की त्यांना आठवतं बाळंतपण, पोर झालं की घरात वृद्धी, देवाला शिवायचं नाही. दारिद्र्य माहीत आहे, पण ते दारिद्र्यरेषेच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातलेत म्हणून. आणि निर्मूलन म्हणजे अंधश्रद्धेचं. मला विचारायचंय ते असं की वृद्धी, वाढ, विकास, प्रगती ह्यात खरंच फरक आहे का, आणि गरिबी कमी होण्याबद्दल आपल्या रोजच्या बोलण्यात काय शब्द आहेत. सोपं करायचंय पण चुकीचं नको, कारण ह्या बायका उद्या ग्रामसभेत उभ्या राहून प्रश्न विचारणार आहेत.

राजारामपुरी :
ताई, फरक आहे आणि चांगला मोठा आहे. मी कॉलेजात हाच विषय शिकवला म्हणून जरा सविस्तर लिहितो. वृद्धी म्हणजे निव्वळ आकड्यातली वाढ. देशात वर्षभरात जेवढा माल आणि सेवा तयार झाल्या त्यांची एकूण किंमत म्हणजे जीडीपी, महागाईचा भाग वजा करून ती गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के जास्त झाली तो वृद्धिदर. ती वाढ कोणाच्या घरात गेली हे त्या आकड्यात नसतंच, ते विचारायला तो आकडा केलेलाच नाही. विकास ह्या शब्दात माणसाचं आयुष्य येतं, शाळा, दवाखाना, पाणी, हाताला काम, बाईच्या नावावर काय आहे ते. मूळ धातू बघितले तरी कळतं, वृध् म्हणजे वाढणं आणि विकास मधलं वि-कस् म्हणजे उमलणं.

घोळ पेपरवाल्यांनी केलाय. जीडीपी वाढली की मथळा येतो 'देशाचा विकासदर सात टक्के'. तो विकासदर नव्हेच, वृद्धिदर आहे! वर्षानुवर्षं असं छापून छापून लोकांच्या डोक्यात बसलं की जीडीपी वाढली म्हणजे विकास झाला, आणि मग गरिबीचा प्रश्न विचारणारा माणूस विकासाच्या विरोधात आहे असं वाटायला लागतं. मला ह्याचा मनापासून त्रास होतो. तुमच्या टिपणात काहीही करा पण विकासदर हा शब्द जीडीपीसाठी वापरू नका.

गारगोटी :
सर, वृद्धी आणि विकास पटलं, पण बायकांसमोर वृद्धी कशाला? सरळ 'वाढ' म्हणा की. आणि वाढ ह्या शब्दाची मजा बघा, मराठीत वाढणे हे क्रियापद दोन्हीकडं चालतं. ऊस वाढला, पोर वाढलं, आणि पान वाढलं, भाकरी वाढली. एकात आपोआप होतंय, दुसऱ्यात कोणीतरी पळी घेऊन उभं आहे. म्हणून मला वाटतं विषय ह्या एका शब्दात मावतोय, देशाची वाढ झाली हे ठीक पण वाढप कोण करतंय आणि पंगतीच्या कुठल्या टोकापासून? शेवटच्या पानापर्यंत येईस्तोवर भांड्यात काही राहतंय का? बायकांना हे सांगायला अर्धा मिनिट लागणार नाही.

राजारामपुरी :
छान आहे, मी घेतो हे. फक्त एक जोडा, पातेल्यात काही नसेल तर वाढणार काय? वाढप चांगलं पाहिजे म्हणून वाढीला कमी लेखू नका. स्वातंत्र्यानंतर सुमारे तीस वर्षं आपला वृद्धिदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला, अर्थतज्ज्ञ प्रा. राज कृष्ण यांनी त्याला 'हिंदू वाढीचा दर' म्हटलं, त्या काळात १९७१ ला 'गरिबी हटाव' ही घोषणा गाजली पण हटवायला लागणारा पैसा आणि रोजगार फारसा तयारच होत नव्हता. उलट व्हिएतनाम बघा, १९८६ ला त्यांनी आर्थिक सुधारणा सुरू केल्या, जमीन कसायला कुटुंबांच्या ताब्यात दिली, १९९३ ला तिथं निम्म्याहून जास्त लोक गरीब होते ते २००८ पर्यंत १५ टक्क्यांच्या आत आले. वाढ झाली आणि ती शेतातनं झाली, म्हणून शेतातल्या माणसापर्यंत गेली.

इचलकरंजी :
मला 'झिरपणे' वर बोलायचंय कारण हा शब्द अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकात सर्रास असतो. वरच्यांची भरभराट झाली की ती झिरपत झिरपत खालपर्यंत येते म्हणे. मागाच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं, यंत्रमाग वाढले, सूत महागलं, स्वस्त झालं, पण मजुरी स्वतःहून झिरपत खाली आलेली मी बघितली नाही, प्रत्येक वेळी ती मागून, बैठका घेऊन, संप करून वाढवून घ्यावी लागली. झिरपणे मध्ये कर्ताच नाही, पाणी आपलं आपण येतंय. शब्दच असा घेतला की कोणाला जाब विचारायची सोय राहत नाही.

आता ह्याच्या शेजारी आपला दुसरा शब्द ठेवा, पाझर तलाव. रोजगार हमीवर महाराष्ट्रात पाझर तलाव आणि नालाबंडिंगची कामं ढीगभर झाली. ह्या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी हमीचा पहिला प्रयोग १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला, म्हणजे आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात. मग १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ ला कायदा झाला. तिथं पाणी मुरायचं तर आधी बांध घालावा लागतो, माती वाहावी लागते, आणि ती वाहणाऱ्याला त्याच आठवड्याची मजुरी चुलीपर्यंत जाते. पैसा कुठनं आला तेही सांगा बायकांना. १९७५ पासून नोकरदाराच्या पगारातनं व्यवसाय कर कापायला लागले तो ह्याच हमीसाठी. मुंबई-पुण्यातल्या पगाराचा तुकडा उचलून दुष्काळी गावात नेला सरकारनं, झिरपायची वाट नाही बघितली. योजनेचं घोषवाक्य तर 'मागेल त्याला काम', सगळं वजन 'मागेल' वर, अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही.

कळंबा :
दादा, हे फार मोलाचं आहे. 'मागेल त्याला' वरनं मला 'लाभार्थी' ह्या शब्दाबद्दल विचारायचं आहे. सगळ्या फॉर्मवर हाच शब्द, लाभार्थ्याचं नाव, लाभार्थ्याचा फोटो. बाई म्हणते मला घरकुलाचा लाभ मिळाला, जसं काय कुणी बक्षीस दिलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे ह्या कायद्याखाली रेशनसाठी निवडलेल्या घराला, माणशी महिना पाच किलो धान्य हा हक्क म्हणून लिहिलेला आहे, २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कुटुंबाला शंभर दिवस काम आणि मागितल्यावर पंधरा दिवसांत नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, तोही हक्क म्हणून लिहिलेला होता. मग त्या बाईला हक्कदार का म्हणायचं नाही? मी टिपणात सगळीकडं हक्कदार लिहिणार आहे, कोणाला चूक वाटत असेल तर सांगा.

गडहिंग्लज :
हक्कदार बरोबर, बिनधास्त लिहा. मात्र घरकुल, शिलाई मशीन असल्या ठिकाणी कायद्यानं प्रत्येकाला हक्क दिलेला नाही, यादीत क्रमांक लागतो, तिथं हक्कदार म्हटलं तर बाई ग्रामसेवकाशी भांडेल आणि तो जीआर दाखवून गप्प करेल. धान्य आणि काम इथं हक्कदार, बाकी ठिकाणी 'पात्र' म्हणा.

आणि ताई, 'दरिद्री' हा शब्द चुकूनही नको. दारिद्र्य पुस्तकी वाटतं पण दरिद्री ही आपल्याकडं शिवी आहे. गरीब चालतं, तो मूळचा अरबी, तिकडं अर्थ परका, घरापासून लांब आलेला. आपण त्याला मऊ केला, गरीब गाय म्हणतो, 'स्वभावानं गरीब आहे' म्हणतो, म्हणजे बिचारा, उलट न बोलणारा. हा दुसरा अर्थ मला खुपतो बरं का, गरीब म्हटलं की गप्प बसणाराच डोळ्यासमोर येतो. मी असते तर 'हातावरचं पोट' म्हटलं असतं. त्यात कसली दया नाही, आज काम केलं तर आज चूल पेटणार एवढं स्पष्ट आहे. आपल्या भागात ऊस तोडायला मराठवाड्यातनं टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून त्यांना 'एक कोयता' म्हणतात, दोन माणसांचं मिळून एक हत्यार झालं नाव! मुकादमाकडनं उचल घेऊन आलेले असतात, हंगामभर ती फेडत राहायची. आपल्या जिल्ह्याची साखरेची वाढ मोजताना हे कोयते मोजलेत का हे विचारायला पाहिजे.

कागल :
उशिरा आलो. 'अठराविश्वे दारिद्र्य' राहिलं की लोकहो. विसवा म्हणजे विसावा भाग, जमिनीच्या वाट्याला वापरायचे. अठरा विसवे म्हणजे वीसातले अठरा, घरात शंभरातलं दहाच आहे बाकी सगळं नाहीच. दुसरा अर्थ सांगणारे अठरा गुणिले वीस तीनशेसाठ करतात, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. मला पहिला पटतो, पण दोन्ही अर्थ ठेवा, कारण एकात गरिबी किती खोल ते आहे आणि दुसऱ्यात किती दिवस ते आहे, आणि सरकारी रेषेत ह्यातलं एकही नाही. रेषेच्या एका रुपयानं खाली असलेला आणि निम्म्यावर असलेला दोघं एकच.

रेषेचा इतिहासही आपल्याच जवळचा आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ ला हिशोब मांडला, माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात. पुढं सरकारनं नेमलेल्या सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ ला रेषा आली खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये, शहरात १०००, आणि देशात २१.९ टक्के लोक तिच्याखाली. दिवसाला सत्तावीस रुपये झाले खेड्यात! ८१७ रुपये खर्च करणारा त्या दिवसापासून गरीब नाही. मग २०१४ ला रंगराजन समितीनं रेषा ९७२ आणि १४०७ वर नेली तर गरीब झाले २९.५ टक्के. त्याच वर्षीचे तेच लोक, कोणाच्याही घरात काही बदललं नाही, रेघ सरकली. म्हणून 'गरिबी कमी झाली' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हा, कुठल्या रेषेनं.

राजारामपुरी :
अगदी बरोबर, म्हणूनच आता 'बहुआयामी दारिद्र्य' हा शब्द आला. बोजड आहे पण त्यामागचा विचार चांगला आहे, पैसे सोडून पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, बँक खातं अशा बारा गोष्टी बघतात. नीती आयोगाच्या अंदाजानं हे प्रमाण २०१३-१४ च्या २९.१७ टक्क्यांवरनं २०२२-२३ ला ११.२८ वर आलं. पण हा आकडा आणि तेंडुलकरांचा आकडा एकाच वाक्यात शेजारी ठेवून तुलना करू नका, मोजायची पट्टीच वेगळी आहे. बहुआयामी च्या जागी मी 'चहूबाजूची गरिबी' सुचवतो.

गारगोटी :
बायकांसाठी रेषा म्हणजे रेशनकार्डाचा रंग. १९९९ ला तीन रंग आले, वर्षाला पंधरा हजारापर्यंत पिवळं, लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. अजूनही 'आमचं पिवळं हाय' म्हणजे आम्ही गरीब आहोत असंच म्हणतात. टिपणात रंगानं लिहा, लगेच कळेल. आणि केशरीवाल्यांतले प्राधान्य कुटुंब वेगळे असतात, खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार उत्पन्नाची मर्यादा, हे सांगायला विसरू नका, ह्यातच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

कळंबा :
सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चं वाक्य असं केलंय : 'देशाची वाढ म्हणजे वर्षभरात किती जास्त पिकलं, बनलं, विकलं गेलं ते. त्यातलं हातावरचं पोट असणाऱ्या घरात काय आलं ते वेगळं मोजावं लागतं. कायद्यानं धान्य आणि काम हा तुमचा हक्क आहे, तो मागायचा असतो.' मथळ्यातलं निर्मूलन पत्रात आहे म्हणून तसंच ठेवते, पण निर्मूलन म्हणजे मुळापासून उपटणं आणि कुठल्याही एका योजनेत तेवढा दम नाही, म्हणून आत मी 'गरिबी हटणं' लिहिणार आहे. एक शब्द अजून अडलाय. रेषेच्या थोडं वर असलेली घरं, एक ऑपरेशन किंवा पंचगंगेचा एक पूर आला की खाली येणारी, २०१९ ला अशी कितीतरी घरं आपण बघितली. त्यांना काय म्हणू?

राजारामपुरी :
पुस्तकात 'असुरक्षित' किंवा 'दुर्बल' म्हणतात, दोन्ही मला आवडत नाहीत. दुर्बल तर अजिबात नको, ही माणसं राबणारी आहेत.

कागल :
'काठावरचे' म्हणा. पास-नापासाच्या काठावर म्हणतो तसं, आणि नदीकाठच्या गावाला तर दुसऱ्यांदा सांगायला नको.

गडहिंग्लज :
काठावरचे चांगलंय, पण समोर बसलेल्या बाईला तू काठावरची असं म्हणवत नाही. आमच्याकडं असल्या घराबद्दल 'त्यांचं जरा नाजूक आहे' म्हणतात, ना गरीब ना बरं, ऐकणाराही दुखावत नाही. टिपणात काठावरची घरं लिहा आणि बोलताना नाजूक म्हणा.