मदत हवी आहे: माशांचे जिरे सोडायच्या आधीच शेततळ्यात पाणकिडे

शिवारकर:
तळ्यात किडे झालेत. विहिरीचं पाणी आहे, पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली होती, तरी झाले. कुठून आले आणि कसे घालवू? परवा जिऱ्याची (माशांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांची) गाडी येतेय, किडे ती खातील, लवकर सांगा.

मृगळ:
कसले किडे? तळं केवढं? माती की प्लास्टिक? फोटो टाका.

शिवारकर:
दहा गुंठे, काळं प्लास्टिक. रोहू-कटला. किडे काळे, काही उलटे पोहतात. फोटोला वेळ नाही.

विहीरवाला:
पंपातूनच आले. तळं उपसा, वाळवा, पुन्हा भरा. आमच्याकडे असंच करतो.

काठावरची:
विहीरवाले भाऊ, नाही पटत. उलटे पोहणारे पाठपोहे आणि पाणभुंगे, दोघांनाही पंख असतात. डबकी आटली की रात्री उडून नवं पाणी गाठतात. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून ते पाणी ओळखतात. त्यामुळे चकचकीत काळं प्लास्टिक, गाडीचा टप यांवरही उतरतात. पुन्हा भरलं तरी पुन्हा येतील. भरून किती दिवस झाले? काठावर दिवा आहे?

शिवारकर:
पंधरवडा झाला. शेण टाकून पाणी हिरवं केलंय. दिवा रात्रभर असतो, चोरीची भीती आहे.

काठावरची:
मग दिवा आधी बंद करा. आणि पुढच्या वेळी भरणं आणि जिरे सोडणं यात एवढं अंतर ठेवू नका, तेवढ्यात ते अंडीही घालतात.

लाभार्थी:
अनुदान मिळालं का? मागेल त्याला शेततळे २०१६ ला आलं तेव्हा आमची फाईल अडली होती.

मृगळ:
अनुदानाचा वेगळा धागा काढा. शिवारकर, साबण-तेल करा. हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल, १८ किलो स्वस्त साबण. तुमच्या दहा गुंठ्यांना साधारण ५.६ आणि १.८ किलो. साबण गरम पाण्यात विरघळवा, तेल ओतून घुसळा, वारा पडला असताना सगळीकडे शिंपडा. किडे श्वासाला वर येतात, तवंगाखाली गुदमरतात. जिरे सोडण्याआधी १२ ते २४ तास.

विहीरवाला:
एवढा खटाटोप कशाला? कपाशीचं औषध फवारा, तासाभरात साफ.

काठावरची:
अजिबात नको! जिऱ्याचं खाद्य असलेले डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) त्यातच मरतील, औषध पाण्यात उरलं तर जिरेही. मृगळ, चतुराच्या अळ्यांचं काय? त्या पोटाच्या टोकातल्या कल्ल्यांनी श्वास घेतात, तेलाने मरत नाहीत.

मृगळ:
बरोबर, त्यांना जाळंच. बारीक विणीचं दोनदा ओढा. आधी जाळं, मग तेल.

बोटुकली:
मी सांगते, जिरे नकोच. बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) घ्या, ती किड्यांना सहज सापडत नाही.

शिवारकर:
मला बीज विकायचंय, बोटुकली कुठून घेऊ? सरकीचं तेल चालेल का? आणि एवढं बारीक जाळं कुणाकडे?

मृगळ:
सरकीचं चालेल. जाळं मच्छरदाणीच्या कापडाचं शिवून घ्या, खालच्या दोरीला शिसं लावा. प्लास्टिक फाटू देऊ नका.